संगणक स्वतः जोडावा की तयार घ्यावा? जाणकारांचे मार्गदर्शन हवे

अर्धविराम

माझा सध्याचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही आणि विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे नवे यंत्र घेण्याचा निर्णय आणखी लांबवण्यात अर्थ उरलेला नाही. कामाचे स्वरूप सांगायचे तर ४के चित्रफितींचे संपादन हा मुख्य भाग आहे, त्याखालोखाल छायाचित्रांवरचे काम आणि क्वचित थोडे त्रिमितीय रेखाटन. खेळ मी खेळत नाही. घेतलेले यंत्र सात-आठ वर्षे चालावे अशी अपेक्षा आहे. रॅम आणि हार्ड डिस्क बदलण्यापलीकडे संगणकाच्या अंतरंगाशी माझा संबंध आलेला नाही.

सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेला संगणक स्वस्त पडतो, असे जिकडे तिकडे वाचायला मिळते. ही तुलना करताना दोन्हीकडे सारख्याच दर्जाचे भाग धरलेले असतात का, याविषयी मला शंका आहे. म्हणून पैशाचा प्रश्न जरा बाजूला ठेवून विचारतो. स्वतः जोडलेल्या यंत्रात असे काय मिळते, जे मोठ्या कंपनीच्या तयार यंत्रात मिळत नाही? पुढेमागे एखादा भाग बदलून यंत्राचे आयुष्य वाढवता येते, हा दावा कितपत खरा आहे? आणि बिघाड झालाच, तर कोणत्या पर्यायात माणूस कमी अडचणीत येतो? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

पक्कड

आपली शंका रास्त आहे. किमतीची तुलना बहुतेक वेळा जाहिरातीत ठळक छापलेल्या चार गोष्टींवरून होते: प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, रॅम किती आणि साठवण किती. तयार संगणकात काटकसर केली जाते ती मात्र न छापलेल्या गोष्टींत. मदरबोर्ड, एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग), कूलर, रॅमची मांडणी आणि एसएसडीची जात यांविषयी माहितीपत्रकात एक ओळही नसते, आणि संगणक स्वतः जोडण्याचा खरा लाभ याच भागांची निवड आपल्या हाती येण्यात आहे.

रॅमचेच पाहा. माहितीपत्रकात ‘३२ जीबी डीडीआर५’ असे लिहिलेले असते, पण ती ३२ जीबीची एकच पट्टी आहे की १६ जीबीच्या दोन, हे कळत नाही. प्रोसेसर रॅमशी दोन वाहिन्यांनी बोलू शकतो. एकच पट्टी बसवली तर त्यातली एक वाहिनी रिकामी राहते. ६००० च्या वेगाची डीडीआर५ पट्टी एका वाहिनीवर सेकंदाला जास्तीत जास्त ४८ जीबी माहिती पोहोचवू शकते, दोन वाहिन्यांवर ९६ जीबी. प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर काम करणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो, स्वतंत्र कार्ड असलेल्याला बराच कमी. शिवाय पट्टीवर ६००० छापलेले असले, तरी बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीत) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हे वेगाचे तयार प्रोफाइल सुरू केल्याशिवाय ती त्या वेगाने चालत नाही. तोवर ती ४८०० किंवा ५६०० अशा मूळ प्रमाणित वेगावरच राहते. काही तयार यंत्रांच्या बायोसमध्ये हे प्रोफाइल निवडण्याची सोयच ठेवलेली नसते.

कूलरचा मुद्दा आपल्या कामाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे. इंटेलच्या कोअर आय७-१४७०० या प्रोसेसरची मूळ शक्ती ६५ वॅट आहे, पण टर्बो अवस्थेत तो २१९ वॅटपर्यंत जाऊ शकतो. छोट्या कॅबिनेटमध्ये, एकाच ८० किंवा ९२ मिलिमीटरच्या पंख्याखाली हा प्रोसेसर बसवला, तर लांब चित्रफीत एक्सपोर्ट करताना पहिला मिनिटभर तो पूर्ण वेगाने धावतो आणि मग तापमान शंभर अंशांजवळ पोहोचले की स्वतःचा वेग उतरवतो. किंवा मदरबोर्डचा वीजपुरवठाच इतका बेताचा असतो की कंपनीने शक्तीची मर्यादा आधीच खाली आणून ठेवलेली असते. दोन यंत्रांवर एकाच प्रोसेसरचा स्टिकर असूनही अर्ध्या तासाच्या एक्सपोर्टमध्ये लक्षणीय फरक पडतो तो यामुळे, आणि दोन-तीन मिनिटांच्या चाचणीत तो दिसत नाही.

एसएसडीविषयी थोडक्यात सांगतो. ‘१ टीबी एनव्हीएमई’ या वर्णनात टीएलसी (साठवणीच्या एका पेशीत तीन बिट) आणि क्यूएलसी अशा दोन्ही जाती बसतात. क्यूएलसी जातीच्या एसएसडीत एका पेशीत चार बिट साठवले जातात; लिहिताना आधी वापरला जाणारा तिचा जलद भाग भरला, की लिहिण्याचा वेग कोसळतो आणि काही स्वस्त एसएसडींमध्ये तर तो जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो. कॅमेऱ्यातून शेकडो जीबी उतरवून घेणाऱ्या माणसाने टीएलसीच घ्यावी.

मोठ्या कंपन्यांची वर्कस्टेशन वर्गातली यंत्रे या सगळ्याला बऱ्याच अंशी अपवाद असतात, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तिथे भाग चांगले असतात. किंमतही तशीच असते.

निवांत

वरील प्रतिसादातले तांत्रिक मुद्दे मान्य आहेत, पण धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न त्यात राहून गेला आहे आणि माझ्या मते निर्णय त्याच प्रश्नावर व्हायला हवा.

बिघाडाचे दोन प्रकार असतात. यंत्र अजिबात सुरू होत नाही, हा सोपा प्रकार. अवघड प्रकार असा, की यंत्र तीन दिवस उत्तम चालते आणि चौथ्या दिवशी एक्सपोर्ट चालू असताना अचानक बंद पडून पुन्हा सुरू होते. याचे कारण रॅम असू शकते, एसएमपीएस असू शकतो, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा खुद्द प्रोसेसर असू शकतो. दोष कोणाचा हे ठरवण्याची खात्रीची पद्धत एकच आहे: एकेक भाग बदलून पाहणे. त्यासाठी पर्यायी भाग हाताशी लागतात, आणि घरगुती वापर करणाऱ्याकडे दुसरा एसएमपीएस किंवा दुसरा मदरबोर्ड पडून नसतो. जोडलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी आणि सेवा केंद्रही वेगळे. हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो याच्याकडे, आणि मधल्या काळात काम ठप्प. रॅम पाठवली, तिच्यात दोष सापडला नाही, ती परत आली. मग मदरबोर्ड पाठवला, की त्यासोबत प्रोसेसर काढून ठेवणे, कूलर उतरवणे, नवी थर्मल पेस्ट लावणे हे सगळे पुन्हा आलेच. तयार यंत्राच्या बाबतीत एकच तक्रार नोंदवायची असते आणि दोष कुठे आहे हे शोधणे कंपनीचे काम असते. जागेवर येऊन दुरुस्तीची वॉरंटी घेतली असेल, तर तंत्रज्ञ भाग घेऊनच येतो.

२०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये अस्थिरतेचा दोष आढळला, तेव्हा हा फरक चांगला उघडा पडला. प्रोसेसरला जास्त व्होल्टेज मिळून तो हळूहळू खराब होत होता. इंटेलने मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांत) दुरुस्ती केली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ती दुरुस्ती बायोसच्या अद्ययावतीतून यंत्रात पोहोचायची होती, आणि ज्याने संगणक स्वतः जोडला होता त्याला आपला मदरबोर्ड कोणता, त्याचे नवे बायोस कुठे मिळेल आणि ते कसे चढवायचे हे स्वतःच पाहावे लागले. अनेक तयार यंत्रांमध्ये बायोसची अद्ययावती कंपनीच्या किंवा विंडोजच्या नेहमीच्या अपडेटमधून येते आणि वापरणाऱ्याने फक्त संमती द्यायची असते. अर्थात, ती पाठवायची केव्हा हे तिथे कंपनी ठरवते, ही दुसरी बाजूही आहे.

स्वस्ताईविषयीही एक सांगणे आहे. सुटे भाग स्वस्त पडतात हे नेहमीच खरे नसते. २०२० ते २०२१ या काळात ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा इतका होता, की सुट्या कार्डाच्या चढ्या भावापेक्षा त्याच कार्डासह मिळणारा अख्खा तयार संगणक परवडत असे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या बाबतीत असेच घडू लागले. विदागारांकडून (डेटा सेंटर) मागणी वाढली, भाव भडकले आणि मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम व एसएसडी विकण्याचा आपला व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. मोठे उत्पादक दीर्घ मुदतीच्या करारांनी खरेदी करतात, त्यामुळे अशा भाववाढीची झळ सुट्या बाजाराला आधी बसते आणि तयार यंत्रांना काही महिने उशिरा.

ज्याच्या कामाला मुदती असतात, त्याने तयार यंत्र घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

धुळाक्षर

निवांत यांचे म्हणणे वॉरंटीच्या मुदतीपुरते पटते. ती तीन वर्षांची धरली, तरी धागाकर्त्यांना यंत्र सात-आठ वर्षे चालवायचे आहे. उरलेल्या चार-पाच वर्षांत काय, हा प्रश्न राहतोच.

सुट्या भागांचा बाजार टिकून आहे तो प्रमाणित मापांमुळे. इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे मानक आणले. मदरबोर्डचे आकारमान ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर, स्क्रूंच्या भोकांच्या जागा, एसएमपीएसचा आकार आणि वीजजोडणी हे सारे त्याने ठरवून दिले. म्हणूनच आज घेतलेला एसएमपीएस दहा वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. काही मोठ्या कंपन्या मात्र या मानकाबाहेरचे मदरबोर्ड आणि एसएमपीएस वापरतात. वीजजोडणीत पिना वेगळ्या असतात, एसएमपीएस अरुंद आणि लांबट असतो, पुढच्या बाजूचे यूएसबी आणि सुरू करण्याचे बटण थेट मदरबोर्डवरच असते. अशा यंत्राचा एसएमपीएस पाचव्या वर्षी गेला आणि कंपनीने तो पुरवणे थांबवले असेल, तर बाजारातला दुसरा कोणताही चालत नाही. मदरबोर्ड गेला, तर कॅबिनेटसुद्धा निकामी. शिवाय विंडोजचा परवाना त्या मदरबोर्डशी बांधलेला असतो तो वेगळाच.

म्हणून तयार की जोडलेला यापेक्षा भाग प्रमाणित आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. प्रमाणित भागांचे तयार संगणकही मिळतात. कॅबिनेटची बाजूची झडप काढून पाहता आली, किंवा आतले छायाचित्र मिळाले, तर दोन गोष्टी पाहायच्या. मदरबोर्डला जाणारी रुंद वीजजोडणी २४ पिनांची आहे का, आणि एसएमपीएसची पाठीकडची बाजू साधारण १५० गुणिले ८६ मिलिमीटरची आहे का. कमी पिनांची जोडणी दिसली, तर विक्रेत्याला आणखी प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अर्धविराम

तिघांचेही मनःपूर्वक आभार. प्रमाणित भागांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. निवांत यांनी लिहिलेली बिघाडाची अडचण खरी आहे, पण माझ्या कामाला मुदती असल्या तरी जुना संगणक हाताशी राहणार आहे, त्यामुळे आठवडाभराचा खोळंबा मी सहन करू शकेन. आता माझा कल प्रमाणित भागांकडे झुकतो आहे.

भाग बदलत राहण्याविषयी मात्र अजून स्पष्टता हवी आहे. आत्ता मध्यम प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम घेऊन तीन वर्षांनी दोन्ही वाढवावे, असा विचार आहे. तो व्यवहार्य आहे का?

वातकुक्कुट

प्रोसेसरबाबत हे सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर, अवलंबून आहे, आणि सॉकेटचा इतिहास कंपनीगणिक वेगळा आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ साली रायझनची पहिली पिढी आली आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी हा प्रोसेसरही त्याच सॉकेटवर बसला. २०१७ च्या अनेक मदरबोर्डांना त्यासाठी नवे बायोस मिळाले. म्हणजे पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून यंत्राचा वेग दुपटीच्या घरात नेता आला. इंटेलचा एलजीए१७०० सॉकेट २०२१ ते २०२३ या काळातल्या तीन पिढ्यांपुरता चालला, त्याआधीचा एलजीए१२०० दोनच पिढ्या. एएमडीचा आजचा एएम५ सॉकेट २०२२ चा आहे आणि २०२७ पर्यंत व त्यानंतरही त्याला आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. प्रोसेसर बदलण्याचा बेत खरोखर पक्का असेल, तर निवड इथेच ठरते.

रॅमविषयीचा आपला बेत मात्र मी बदलायला सांगेन. डीडीआर४ च्या काळात दोन पट्ट्या आधी आणि दोन नंतर ही रीत खपून जात असे. डीडीआर५ मध्ये ती महागात पडते. एएम५ वरील रायझन ९००० मालिकेचे अधिकृत आकडे पाहिले, तर दोन पट्ट्यांसाठी वेग ५६०० आहे आणि चारही खाचा भरल्यावर तो ३६०० वर येतो. प्रत्यक्षात काही जण याहून जास्त वेग मिळवतात, पण तो बायोसमधल्या खटपटीचा आणि नशिबाचा भाग आहे. स्थिर काम हवे असणाऱ्याने त्यावर विसंबू नये. ६४ जीबी लागणार असे वाटत असेल, तर ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकच संच पहिल्याच दिवशी घ्यावा. भाव चढे असताना हा सल्ला जड वाटतो हे कळते. तरीही ३२ जीबीवर अडून बसायचे झाल्यास, पुढे त्या दोन पट्ट्या काढून विकायच्या आणि नवा संच घ्यायचा, असा हिशेब मनाशी धरावा.

सात-आठ वर्षांच्या वापरानंतर नव्या यंत्रात जुन्यातले कोणते भाग खरोखर सोबत येतात, याचा विचार केला तर यादी छोटी आहे: कॅबिनेट, पंखे, एसएसडी, बहुधा कूलर, आणि चांगला असेल तर एसएमपीएस. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम ही तिकडी बहुतेकांच्या बाबतीत एकदमच बदलली जाते. म्हणून पैसा घालायचा तो एसएमपीएसमध्ये घालावा. त्यावरचे ‘८० प्लस गोल्ड’ हे चिन्ह कार्यक्षमतेपुरते बोलते. निम्म्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता, एवढाच ११५ व्होल्टच्या चाचणीतला त्याचा अर्थ. आतले कपॅसिटर कसे आहेत, संरक्षक मंडले वेळेवर काम करतात का, हे त्यातून कळत नाही. आधुनिक ग्राफिक्स कार्डे क्षणार्धात नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात, आणि २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुपटीपर्यंतचे असे अतिसूक्ष्म काळाचे झटके सोसले पाहिजेत अशी अट आहे. ग्राफिक्स कार्ड पुढे बदलायचे असेल, तर हे मानक पाळणाराच एसएमपीएस घ्यावा.

आता चित्रफितींविषयी, कारण याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. आपला कॅमेरा १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती राखणाऱ्या) प्रकारात एचईव्हीसी (चित्रफीत आक्रसण्याची एक पद्धत) चित्रफिती नोंदवत असेल, तर त्या सहज चालवण्यासाठी हार्डवेअरचा आधार लागतो, आणि तो सगळ्या ग्राफिक्स कार्डांत नसतो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये तो अकराव्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाने तो २०२५ च्या ५० मालिकेत आणला. त्यामुळे इंटेलचा प्रोसेसर घेणार असाल, तर नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला घेऊ नये. त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. एएमडीचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे जुन्या मालिकेतले कार्ड अशी जोडी घेतली, तर कागदावर यंत्र ताकदवान दिसूनही टाइमलाइनवर चित्रफीत अडखळत राहील.

अर्धविराम

कॅमेरा ४:२:२ मध्येच नोंदवतो, त्यामुळे ही माहिती फार मोलाची आहे. रॅमचा बेतही बदलतो. आता शेवटची धाकधूक प्रत्यक्ष जोडणीची आहे. प्रोसेसर बसवताना सॉकेटच्या पिना वाकल्याची छायाचित्रे पाहून धीर होत नाही.

पक्कड

ती भीती अगदीच निराधार नाही, पण जोडणीत खरी नाजूक जागा ती एकच आहे. आजच्या दोन्ही कंपन्यांच्या डेस्कटॉप सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात आणि प्रोसेसरच्या तळाशी सपाट ठिपके असतात. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर सपाट ठेवावा, तरफ उचलावी, धातूची चौकट उघडावी. प्रोसेसर कडांना धरून, त्याच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून सरळ खाली ठेवावा. ठेवावा, दाबू नये. कडेच्या खाचा जुळल्या की तो आपोआप बसतो आणि किंचितही हलत नाही. मग चौकट मिटून तरफ खाली आणताना बराच जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो. नवखा माणूस इथे घाबरून थांबतो, पण तो आवाज अपेक्षित आहे. सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण चौकट मिटताना स्वतःहून उडून बाहेर येते. ते जपून ठेवावे, कारण वॉरंटीसाठी मदरबोर्ड पाठवताना ते सॉकेटवर लावून मागितले जाते.

रॅम, एसएसडी आणि कूलरची मागची पट्टी हे सगळे मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर असतानाच बसवून घ्यावे. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक पापुद्रा काढायचा विसरू नये. तो राहिला, तर यंत्र सुरू होते आणि काही क्षणांत तापते. कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड ज्या पितळी टेकूंवर बसतो, ते टेकू त्याच्या भोकांखालीच आहेत ना हे आधी मोजून घ्यावे. एखादा जादा टेकू भलत्या जागी राहिला, तर तो मदरबोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट सर्किट होऊ शकते. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची जोडणी मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि कूलर मोठा असला की नंतर तिथे बोटे पोहोचत नाहीत, म्हणून ती केबल मदरबोर्ड आत बसवतानाच ओढून घ्यावी. सुरू करण्याच्या बटणाच्या तारा उलटसुलट लागल्या तरी चालते. दिव्यांच्या तारांना मात्र धन आणि ऋण असते.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील. लगेच काही उपटायला जाऊ नये. डीडीआर५ रॅम असलेले यंत्र पहिल्या खेपेला रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवते, आणि त्या वेळी मदरबोर्डवर ‘डीरॅम’ लिहिलेला छोटा दिवा पेटलेला दिसतो. पंधरा मिनिटांनंतरही तो विझला नाही, तर यंत्र बंद करून, एसएमपीएसचे मागचे बटण बंद करून, एकच पट्टी ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. ‘सीपीयू’चा दिवा राहिला, तर आधी ती आठ पिनांची जोडणी पाहावी. ‘व्हीजीए’चा राहिला, तर ग्राफिक्स कार्डाची वीजजोडणी पूर्ण बसली आहे का ते पाहावे. आणि दिवे विझूनही पडदा काळाच असेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डाला लावलेली आहे ना, हे पाहावे.

प्रोसेसर नवा आणि मदरबोर्ड दुकानात बरेच दिवस पडून असलेला, असे असेल तर बायोस जुने असण्याचा संभव असतो आणि ते त्या प्रोसेसरला ओळखतच नाही. प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येईल, असे बटण असलेला मदरबोर्ड घेतला की ही अडचण उरत नाही.

निवांत

धागाकर्त्यांनी बेत ठरवलाच आहे, तर एक मधला मार्ग सुचवतो. भागांची यादी आपण ठरवावी आणि जोडणी विक्रेत्याकडून करून घ्यावी. पहिल्या दिवशीच एखादा भाग सदोष निघाला, तर तो शोधून बदलणे त्याच्याकडे राहते, आणि त्याच्याकडे पर्यायी भागही असतात. मी वर लिहिलेली मोठी अडचण निदान सुरुवातीपुरती तरी टळते.

त्यासाठी देयकावर नुसते ‘संगणक संच’ असे लिहून घेऊ नये. प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल आणि अनुक्रमांक स्वतंत्र ओळीत असावा, कारण पुढे वॉरंटी मागताना उत्पादक तेच विचारतात. यादीत अमुक एसएमपीएस असताना ‘त्याच दर्जाचा’ दुसरा बसवला जाण्याचे प्रकार घडतात. म्हणून कॅबिनेट बंद करण्यापूर्वीची छायाचित्रे मागावीत. यंत्र हाती आल्यावर भाग परत करण्याची मुदत असते, तिचा उपयोग करावा. पहिल्या रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम चालवावा आणि एकही चूक दाखवली गेली तरी रॅम बदलून मागावी. रॅमच्या बाबतीत ‘एखादी चूक चालते’ असे नसते. दुसऱ्या दिवशी आपलीच एखादी लांब चित्रफीत एक्सपोर्टला लावून एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये प्रोसेसरचे तापमान आणि वेग पाहत राहावे. वेग पहिल्या मिनिटानंतर किती उतरतो, हे तिथे दिसते. बायोसमध्ये रॅमचे प्रोफाइल सुरू केलेले आहे की नाही, हेही त्याच खिडकीत कळते. मात्र मेमटेस्ट चालवण्यापूर्वी ते सुरू करून घ्यावे, नाहीतर चाचणी कमी वेगावर उत्तीर्ण होईल आणि पुढे प्रत्यक्ष वेगावर अडचण येईल.

सर्व खोकी आणि न वापरलेल्या केबल विक्रेत्याकडून आठवणीने मागून घ्याव्यात. ज्याच्या केबल काढता-घालता येतात अशा एसएमपीएसमध्ये यंत्राकडच्या टोकाची जोडणी प्रमाणित असते, एसएमपीएसकडच्या टोकाची नसते. दुसऱ्या मॉडेलची केबल तिथे अगदी नीट बसली, तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि दोन-तीन वर्षांनी अशी केबल लावून नवी एसएसडी किंवा हार्ड डिस्क जोडायला गेले की ती पहिल्याच क्षणी जळते. उरलेल्या केबल एका पिशवीत घालून त्यावर एसएमपीएसचे मॉडेल लिहून ठेवावे.